वावेल कॅथीड्रल

वावेल कॅथीड्रल : पोलंडच्या दक्षिण भागातील क्राकूफ शहरात, विस्तुला नदीकाठच्या वावेल टेकडीवर, जुन्या राजवाड्याला खेटून उभे असलेले रोमन कॅथलिक प्रधान चर्च. ते संत स्तानिस्वाव आणि संत वेन्सेस्लास यांना वाहिलेले असून क्राकूफच्या आर्चबिशपांचे पीठ येथेच आहे. १३२० ते १७३४ या काळात पोलंडच्या बहुतेक राजांचा राज्याभिषेक या वास्तूत झाला आणि १३३३ नंतर मरण पावलेल्या बहुतेक राजांचे दफनही येथेच झाले. राजाभिषेकाचे आणि राजाच्या अखेरच्या विसाव्याचे ठिकाण एकच असणे युरोपात अपूर्व नाही. वावेलचे वेगळेपण असे, की येथे मध्यभागी कोणा राजाची नव्हे, तर राजाच्या हुकमाने मारल्या गेलेल्या एका बिशपची समाधी आहे आणि राजांची थडगी तिच्या भोवतीने, भिंतींच्या व खांबांच्या कडेने मांडलेली आहेत. राजसत्ता आणि धर्मपीठ यांच्यातील ओढाताण या मांडणीतच कोरलेली दिसते.

क्राकूफचा धर्मप्रांत इ. स. १००० मध्ये स्थापन झाला आणि त्यानंतर लवकरच टेकडीवर पहिले कॅथीड्रल बांधले गेले. त्याचे फार थोडे अवशेष उरले आहेत. दुसरे, रोमनेस्क शैलीचे कॅथीड्रल अकराव्या शतकाच्या अखेरीस व्वादिस्वाव हेर्मान या राजपुरुषाच्या काळात सुरू झाले आणि ११४२ मध्ये त्याचे अभिमंत्रण (विधिपूर्वक पवित्र करणे) झाले. १३०५ च्या आगीत ते जळाले. त्यातले संत लिओनार्डचे तळघर मात्र शाबूत राहिले. आठ दगडी खांबांवर तोललेल्या त्याच्या ठेंगण्या कमानींखाली आजही उभे राहता येते, आणि वरच्या भव्य चर्चपेक्षा त्या काळाची जवळून ओळख हे तळघरच करून देते. १९३८ मध्ये येथे बिशप माउरुस यांची कबर सापडली. १११८ मध्ये निधन पावलेल्या या बिशपांसोबत प्रार्थनेचा चषक, त्याची तबकडी आणि शिशाचा एक कोरीव पत्रा पुरलेला होता.

सध्याचे गॉथिक कॅथीड्रल हे तिसरे. १३२० मध्ये बिशप नांकेर यांच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि १३६४ मध्ये काझिमिएश महान या राजाच्या उपस्थितीत पोलंडमधील ग्निएझ्नो शहराचे आर्चबिशप यारोस्वाव बोगोरिया स्कोत्नित्स्की यांनी त्याचे अभिमंत्रण केले. मुख्य प्रवेशद्वाराच्या लोखंडी पत्र्याने मढवलेल्या दारावर काझिमिएशच्या नावाचे मुकुटधारी आद्याक्षर ओळीने उमटवलेले आहे. दाराशेजारी भिंतीवर साखळदंडाने टांगलेली काही प्रचंड हाडे प्रथम येणाऱ्याला बुचकळ्यात टाकतात. ती देवमासा, मॅमथ अशा प्राण्यांची आहेत, पण लोक ती टेकडीखालच्या गुहेतील दंतकथेतल्या ड्रॅगनची मानत आले, आणि ती खाली पडतील त्या दिवशी जग बुडेल, असा समज आहे.

बिशप स्तानिस्वाव यांचा वध ही या वास्तूच्या इतिहासाची गुरुकिल्ली होय. श्चेपानूफचे स्तानिस्वाव क्राकूफचे बिशप असताना राजा दुसरा बोलेस्वाव याच्याशी त्यांचा संघर्ष झाला आणि १०७९ मध्ये राजाने त्यांना ठार करविले. त्यानंतर राजालाही राज्य सोडून हंगेरीत जावे लागले. संघर्षाचे नेमके कारण काय, यावर पोलिश इतिहासकारांत दीर्घकाळ वाद चालू आहे, आणि त्याला कारण जुनी साधनेच आहेत. बाराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा गाल्लुस नावाने ओळखला जाणारा बखरकार बिशपांना फितूर म्हणतो, मात्र राजाने घेतलेला सूडही त्याला निंद्य वाटतो. याउलट सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारे विन्सेंती काद्वुबेक यांच्याकडे तीच घटना हौतात्म्याची कथा होते : राजा स्वतः वेदीजवळ बिशपांवर वार करतो, शरीराचे तुकडे केले जातात, गरुड त्यांची राखण करतात आणि तुकडे पुन्हा सांधले जातात. काद्वुबेक स्वतः क्राकूफचे बिशप होते, ही गोष्ट वाचकाने विसरू नये.

१२५३ मध्ये असिसी येथे पोप चौथे इनोसंट यांनी स्तानिस्वाव यांना संतपद दिले. त्या वेळी पोलंड प्यास्त या राजघराण्यातील अनेक राजपुत्रांत विभागला गेला होता. त्यामुळे जसे संतांचे शरीर सांधले गेले तसे राज्यही एक दिवस सांधले जाईल, ही कल्पना लोकांच्या मनात घट्ट बसली. ती खरी करून दाखविणारा राजा म्हणजे व्वादिस्वाव वोकिएतेक. त्याच्या वाटेत सर्वांत मोठा अडसर ठरले ते क्राकूफचेच बिशप यान मुस्काता, जे बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रदेशाच्या) राजाच्या बाजूचे होते. अखेर २० जानेवारी १३२० रोजी, आगीने पोळलेल्या जुन्या कॅथीड्रलमध्येच, ग्निएझ्नोचे आर्चबिशप यानिस्वाव यांनी वोकिएतेकला राज्याभिषेक केला. यापूर्वीचे राज्याभिषेक प्रामुख्याने ग्निएझ्नो येथे होत असत. आता स्थान बदलले, पण मुकुट चढविण्याचा मान ग्निएझ्नोच्या आर्चबिशपांकडेच राहिला. घर एकाचे आणि विधीचा मान दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती, आणि तीतून पुढे बरेच मानापमान उद्भवले.

राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी नियोजित राजाने वावेलवरून पायी चालत स्कावका येथील चर्चला जावे, अशी प्रथा रूढ झाली. परंपरेनुसार बिशपांचा वध झाला ते हेच ठिकाण. बोलेस्वावच्या पातकाचे प्रायश्चित्त त्याच्या गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाने घ्यायचे, असा तिचा अर्थ. राजा नसलेल्या आजच्या पोलंडमध्येही मे महिन्यात संतांच्या सणानिमित्त वावेल ते स्कावका अशी मिरवणूक निघते. ८ मे नंतरच्या रविवारी बिशप आणि भाविक संतांचे अवशेष घेऊन चालतात.

प्रायश्चित्ताची ही परंपरा असूनही संघर्ष थांबला नाही. काझिमिएश महान आणि बिशप बोद्झांता यांच्यात तंटा झाला, तेव्हा बिशपांनी काढलेला बहिष्काराचा आदेश राजाला कळविण्याचे काम कॅथीड्रलमधील मार्चिन बारिच्का या पाद्र्याकडे आले. डिसेंबर १३४९ मध्ये त्याला विस्तुला नदीत बुडवून मारण्यात आले. काझिमिएशने बांधलेल्या अनेक चर्चमागे या कृत्याचे प्रायश्चित्त असल्याचे पंधराव्या शतकातील इतिहासकार यान द्वुगोश सांगतो. हा द्वुगोश याच कॅथीड्रलच्या पुरोहितमंडळाचा सदस्य होता, आणि त्याचे धनी होते बिशप झ्बिग्निएव ओलेश्नित्स्की. ओलेश्नित्स्की हे कदाचित वावेलच्या धर्मगुरूंपैकी सर्वांत बलाढ्य. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत तरुणपणी त्यांनी राजा यागिएवोचे प्राण वाचविल्याचे द्वुगोश लिहितो. पुढे ते पोलंडचे पहिले कार्डिनल झाले आणि १४४३ मध्ये त्यांनी शेविएश ही जहागीर विकत घेतल्याने क्राकूफचे बिशप शतकानुशतके त्या जहागिरीचे अधिपतीही ठरले.

अनेकांच्या दृष्टीने वावेलचा सुवर्णकाळ याद्विगापासून सुरू होतो. १६ ऑक्टोबर १३८४ रोजी, जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या या मुलीला येथे राज्याभिषेक झाला, तो राणी म्हणून नव्हे, तर ‘राजा’ या पदवीने. फेब्रुवारी १३८६ मध्ये लिथुएनियाचा अधिपती यागिएवो याने वावेलवर बाप्तिस्मा घेतला, तिच्याशी विवाह केला आणि ४ मार्च रोजी तोही राजा झाला. कॅथीड्रलमधील काळ्या पडलेल्या मोठ्या क्रुसापुढे याद्विगा प्रार्थना करीत असे आणि क्रुसावरचा ख्रिस्त तिच्याशी बोलला, अशी श्रद्धा आहे. १३९९ मध्ये ती बाळंतपणानंतर वारली; आपले दागिने तिने क्राकूफच्या विद्यापीठाच्या पुनरुज्जीवनासाठी दिले होते. १८८७ मध्ये तिची कबर उघडली तेव्हा आत निघालेला राजदंड आणि राजगोल सोन्याचे नव्हते, तर मुलामा दिलेल्या साध्या लाकडाचे होते. १९८७ पासून तिचे अवशेष त्याच काळ्या क्रुसाच्या वेदीत आहेत आणि १९९७ मध्ये तिला संतपद मिळाले.

ग्रुनवाल्ड येथे ट्यूटॉनिक सरदारांवर (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघावर) मिळविलेल्या विजयानंतर यागिएवोने शत्रूची निशाणे संत स्तानिस्वाव यांच्या समाधीपाशी आणून टांगली. द्वुगोशने १४४८ मध्ये तेथील ५६ निशाणांची चित्रे काढून घेतली व वर्णने लिहिली; मूळ निशाणे कालौघात नाहीशी झाल्याने आज ती चित्रेच आधार आहेत. तेव्हापासून या समाधीला ‘मायभूमीची वेदी’ असे म्हटले जाऊ लागले. समाधीवरची सध्याची सोनेरी घुमटाची मेघडंबरी १६२६ ते १६२९ या काळात बिशप मार्चिन शिश्कोव्स्की यांच्या कारकिर्दीत ज्योव्हान्नी त्रेव्हानो याने उभारली. तिच्याखालची चांदीची पेटी त्यानंतरची आहे. आधीची पेटी १६५५ च्या आक्रमणात स्वीडिश फौजांनी लुटून नेली, म्हणून ग्दान्स्कचा सोनार पेटर फान डेर रेनेन याने १६६९ ते १६७१ मध्ये नवी घडविली. चार चांदीच्या देवदूतांनी ती पेलली आहे आणि तिच्या बाजूंवर संतांच्या चरित्रातील प्रसंग उठावात कोरले आहेत.

राजांच्या समाध्यांत कलेच्या दृष्टीने दोन ठिकाणे विशेष. पवित्र क्रुसाच्या उपमंदिरात चौथ्या काझिमिएशचे लाल ठिपकेदार संगमरवराचे थडगे आहे. न्यूरेंबर्गहून आलेल्या फाइट श्टोस या शिल्पकाराने ते १४९२ मध्ये घडविले आणि त्यावर म्हाताऱ्या राजाचा थकलेला, सुरकुतलेला चेहरा जराही न सजवता कोरला. त्याच उपमंदिराच्या भिंती पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. लिथुएनिया आणि रुथेनियाची (आजच्या युक्रेन-बेलारूस भागाची) ऑर्थोडॉक्स प्रजाही यागिएलोन घराण्याच्या, म्हणजे यागिएवोच्या वंशाच्या, अमलाखाली होती, याची ती खूण. हे थडगे १९७३ मध्ये संशोधनासाठी उघडले गेले. पुढील काही वर्षांत त्या कामाशी संबंधित काही जण वारल्यामुळे ‘राजाच्या शापा’ची कथा वर्तमानपत्रांनी रंगविली आणि कबरीतील विषारी बुरशीकडेही बोट दाखविले गेले.

दुसरे ठिकाण म्हणजे झिगमुंत उपमंदिर. पत्नी बार्बारा १५१५ मध्ये वारल्यावर झिगमुंत पहिला याने फ्लॉरेन्सचा बार्तोलोम्मेओ बेरेच्ची याच्याकडे हे काम सोपविले; १५१९ मध्ये पाया घातला गेला आणि १५३३ मध्ये अभिमंत्रण झाले. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस इटालियन प्रबोधनशैलीची इतकी निर्दोष वास्तू क्वचितच आढळेल. लाल संगमरवरातील राजे मेल्यासारखे ताठ पडलेले नसून कोपरावर रेलून डुलकी लागल्यासारखे दाखविले आहेत. वर झिगमुंत, त्याखाली मुलगा झिगमुंत आउगुस्त, आणि राजासनाच्या जागी मुलगी आन्ना, जिने घुमटावरचा सोन्याच्या खवल्यांचा पत्रा चढविण्याचा खर्च केला. घुमटाच्या अगदी शिरोभागी, राजांच्या कितीतरी वर, बेरेच्चीने स्वतःचे नाव कोरून ठेवले आहे. राजांनी ते खपवून घेतले, यात त्या काळाची कलावंताबद्दलची बदललेली दृष्टी दिसते.

याच राजाच्या नावाची घंटा उत्तरेकडील मनोऱ्यात आहे. हान्स बेहेम याने १५२० मध्ये क्राकूफमध्येच ती ओतली आणि १३ जुलै १५२१ रोजी ती प्रथम वाजली. सुमारे साडेबारा टनांच्या या घंटेवर संत स्तानिस्वाव आणि संत झिगमुंत यांच्या आकृती आहेत. ती यंत्राने वाजत नाही. बारा माणसे दोर ओढून तिला झुलवितात आणि हे काम मानाचे समजले जाते. मोठे सण आणि राष्ट्राच्या सुखदुःखाचे प्रसंग सोडता ती मुकी असते. २००० च्या नाताळात तिचा लोळा तडकला, तो पुढील वर्षी बदलला गेला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजे वॉर्साला राहू लागले, तरी अभिषेकासाठी आणि अंत्यविधीसाठी ते वावेललाच येत. नव्या राजाच्या अभिषेकापूर्वी जुन्या राजाचे दफन उरकायचे, असा प्रघात होता. त्यामुळे ३१ जानेवारी १६७६ रोजी यान काझिमिएश आणि मिखाउ विश्निओविएत्स्की या दोन राजांना एकाच दिवशी पुरण्यात आले, आणि दोनच दिवसांनी यान सोबिएस्कीला राज्याभिषेक झाला. शेवटचा राज्याभिषेक १७ जानेवारी १७३४ रोजी तिसऱ्या आउगुस्तचा. शेवटचा राजा स्तानिस्वाव पोनियातोव्स्की याने मात्र १७६४ मध्ये वॉर्सातच मुकुट घेतला. त्यानंतर तीनच वर्षांनी रशियन राजदूताच्या हुकमाने बिशप काएतान सोव्तिक यांना पकडून रशियातील कालुगा येथे नेले गेले, ते १७७३ पर्यंत परतले नाहीत. बिशपांवर हात टाकायला आता स्वतःचा राजाही लागत नव्हता.

१७९५ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतल्याने पोलंड नकाशावरून पुसला गेला, तेव्हा वावेलच्या थडग्यांना वेगळाच अर्थ आला. सेनानी युझेफ पोनियातोव्स्की (१८१७) आणि तादेउश कोश्चुश्को (१८१८) हे राजे नसूनही राजांशेजारी विसावले. १८६९ मध्ये दुरुस्ती चालू असताना काझिमिएश महानच्या थडग्याला भगदाड पडले आणि आत मुकुट, राजदंड व अस्थी दिसल्या. यान मातेय्को या चित्रकाराने त्यांची रेखाटने केली. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील शहरात ८ जुलै रोजी पाचशे वर्षांपूर्वी वारलेल्या राजाची दुसरी अंत्ययात्रा निघाली, आणि देश नसलेल्या लोकांनी राजा असल्याचा दिवस साजरा केला. पुढे कवींनाही जागा मिळाली : १८९० मध्ये आदाम मित्स्किएविच आणि १९२७ मध्ये युलिउश स्वोवात्स्की. स्वोवात्स्कीला येथे आणण्यास आर्चबिशप आदाम स्तेफान सापिएहा यांचा विरोध होता. देशाचा सर्वेसर्वा युझेफ पिउसुत्स्की याच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली. १९३५ मध्ये पिउसुत्स्कीच वारला आणि संत लिओनार्डच्या तळघरात ठेवला गेला. १९३७ मध्ये सापिएहा यांनी सरकारला न जुमानता त्याची शवपेटी तेथून हलवून चांदीच्या घंटांच्या मनोऱ्याखाली नेली. संतापाची लाट उसळली, पंतप्रधानांनी राजीनामा देऊ केला, पण पेटी तेथेच राहिली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक राजवाड्यात ठाण मांडून होता आणि कॅथीड्रल सामान्य भाविकांना बंद होते. त्या काळात सापिएहांनी गुप्तपणे चालविलेल्या पाद्री-विद्यालयात शिकलेल्या कारोल वोयतिवा या तरुणाने २ नोव्हेंबर १९४६ रोजी पाद्री म्हणून आपली पहिली प्रार्थना (मिसा) संत लिओनार्डच्या तळघरात केली. १९५८ मध्ये येथेच त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली, १९६४ मध्ये तो आर्चबिशप आणि १९७८ मध्ये पोप दुसरा जॉन पॉल झाला. फेब्रुवारी १९८६ च्या भारतभेटीत गोवा, पुणे आणि मुंबई येथे आलेले पोप ते हेच. भारताशी वावेलचा दुसरा एक संबंध जोडला जातो, तो मात्र निव्वळ कल्पित आहे. राजवाड्याच्या अंगणातील एका भिंतीमागे पृथ्वीच्या सात ‘चक्रां’पैकी एक असून शिवाने फेकलेल्या सात दगडांपैकी एक तेथे पडला, असे विसाव्या शतकात पसरले. आपल्याकडील कोणत्याही पुराणात वावेलचा पत्ता नाही, तरी भिंतीला पाठ टेकून ऊर्जा घेणारे पर्यटक तेथे दिसतात.

तळघरात कोणाला जागा द्यायची, हा वाद अगदी अलीकडेही पेटला. १० एप्रिल २०१० च्या विमान अपघातात मरण पावलेले राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की आणि त्यांच्या पत्नी मारिया यांना वावेलवर पुरण्याचा निर्णय जाहीर होताच क्राकूफमध्ये निदर्शने झाली. वोयतिवांचे अनेक वर्षे सचिव राहिलेले कार्डिनल स्तानिस्वाव जिविश यांनी तो कायम ठेवला आणि १८ एप्रिल रोजी दोघांचे दफन पिउसुत्स्कीच्या तळघराच्या दालनात झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये अपघाताच्या नव्या तपासासाठी त्यांचे अवशेष बाहेर काढण्यात आले आणि चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा ठेवण्यात आले.