टीजीएफ-बीटा: नावात 'ट्रान्सफॉर्मिंग' कुठून आलं

एमएस्सीच्या मुलांच्या हातात रिकॉम्बिनंट (म्हणजे जीन दुसऱ्या सेल्समध्ये घालून बनवलेल्या) ह्यूमन टीजीएफ-बीटा १ या प्रोटीनची व्हायल पहिल्यांदा दिली की एक प्रश्न हमखास येतो, हे घातलं की सेल्स कॅन्सरच्या होणार का? प्रश्न अगदी रास्त आहे, नावच तसं आहे ना, ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर. पण हाच प्रोटीन बहुतेक एपिथेलियल सेल्सवर, म्हणजे अवयवांच्या अस्तराच्या सेल्सवर टाकला तर त्यांचं डिव्हिजन थांबतं. मग हे नाव पडलं कसं?

१९७८ मध्ये सार्कोमा व्हायरसने बिघडवलेल्या उंदराच्या सेल्सच्या मीडियातून, म्हणजे त्या ज्या द्रवात वाढवतात त्यातून, एक फॅक्टर मिळाला, त्याला तेव्हा सार्कोमा ग्रोथ फॅक्टर म्हणायचे. तो नॉर्मल रॅट किडनी फायब्रोब्लास्टवर (आधार देणाऱ्या टिश्यूच्या सेल्सवर) टाकला की त्या सेल्स सॉफ्ट आगर या मऊ जेलमध्ये कॉलनी करायच्या, म्हणजे कशालाही न चिकटता वाढायच्या, आणि साध्या सेलला ते जमत नाही, त्यामुळे आगरमध्ये कॉलनी आली म्हणजे सेल ट्रान्सफॉर्म झाली असं त्या काळात सरळ धरलं जायचं. फॅक्टर काढून घेतला की सेल्स परत पहिल्यासारख्या, जीन्समध्ये काहीही बदललेलं नसायचं. म्हणजे खरं ट्रान्सफॉर्मेशन तिथे झालंच नव्हतं, पण नाव त्या टेस्टवरून पडलं ते पडलंच.

पुढच्या चार-पाच वर्षांत कळलं की तो एक पदार्थ नसून मिश्रण आहे. वेगळे केल्यावर एक झाला अल्फा आणि दुसरा बीटा. अल्फा हा ईजीएफच्या (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) घरातला, सेलवरच्या त्याच्याच रिसेप्टरला चिकटणारा. बीटाचा त्या रिसेप्टरशी काही संबंध नाही, रचना पूर्ण वेगळी, आणि त्या रॅट किडनीच्या सेल्सवर एकटा टाकला तर कॉलनी येतच नाहीत, सोबत ईजीएफ किंवा अल्फा लागतो. नाव मुळात मिश्रणाचं होतं, ते दोघांनाही तसंच चिकटलं. त्यामुळे आजही मुलं अल्फा-बीटा भाऊ-भाऊ समजतात, पण नाव सोडलं तर दोघांत नातं काहीच नाही.

मग १९८३ मध्ये बीटा शुद्ध स्वरूपात मिळाला तो कुठून तर माणसाच्या प्लेटलेट्समधून आणि प्लासेंटातून, म्हणजे धडधाकट टिश्यूतून, ट्यूमर वगैरे काही नाही. नाव बदलायची पहिली संधी खरं तर इथेच होती.

१९८४ मध्ये आणखी गंमतीचं निघालं. माकडाच्या किडनीच्या सेल्समधून दुसऱ्याच लोकांनी एक ग्रोथ इनहिबिटर काढला होता, वाढ थांबवणारा, आणि तो बीटासारखाच वागतो असं दिसलं, रिसेप्टरही तोच. एकीकडे वाढवणारा आणि दुसरीकडे थांबवणारा, एकच प्रोटीन? १९८५ चा जो प्रयोग आहे तो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मिक ही कॅन्सरशी जोडलेली जीन घातलेल्या रॅट फायब्रोब्लास्ट, दोन्ही वेळा सेल्स त्याच, बीटाही तोच, फक्त सोबतचा फॅक्टर बदलला. सोबत पीडीजीएफ (प्लेटलेट्समधला ग्रोथ फॅक्टर) असेल तर कॉलनी वाढल्या, ईजीएफ असेल तर दबल्या. म्हणजे वाढव किंवा थांब असा ठराविक हुकूम बीटामध्ये नाहीच, सेलमध्ये त्या वेळी आणखी काय चालू आहे त्यावर सगळं ठरतं. गाईबैलांच्या हाडातला कार्टिलेज इंड्यूसिंग फॅक्टर, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या ट्यूमरमधला टी सेल्स (इम्यून सिस्टिमच्या सेल्स) दाबणारा फॅक्टर, हे सगळे पुढे याच कुटुंबातले निघाले, प्रत्येकाचं नाव ज्याने त्याने आपापल्या टेस्टवरून ठेवलेलं. इतक्या नावांतून 'ट्रान्सफॉर्मिंग' हेच टिकलं कारण ते आधी छापून आलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकलं, पंचाऐंशीतच नाव बदलायला हवं होतं.

त्याच वर्षी बीटाचा ह्यूमन सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून बनवलेली जीनची कॉपी, क्लोन झाला आणि रिकॉम्बिनंटचा रस्ता उघडला. ३९० अमिनो ॲसिडची साखळी, त्यातली शेवटची ११२ म्हणजे खरा मॅच्युअर प्रोटीन, अशा दोन जोडल्या की २५ किलोडाल्टनचा डायमर. प्रत्येक साखळीत नऊ सिस्टीन, म्हणजे आपसात बंध जोडणारी अमिनो ॲसिड, त्यामुळे ई. कोलायमध्ये सरळ बनवणं अवघड, म्हणून हॅमस्टरच्या ओव्हरीच्या किंवा माणसाच्या सेल लाइन वापरतात. पण त्या सेल्स जे बाहेर टाकतात ते बहुतेक लेटंट असतं, म्हणजे पुढचा प्रो-भाग मॅच्युअर भागाला मिठी मारून बसलेला. ॲसिड दिलं की तो सुटतो. पुढे प्रो-भागातल्या दोन सिस्टीन बदलल्या तर ॲक्टिव्ह प्रोटीन मिळतो हेही कळलं. शरीरात हे सोडवायचं काम इंटिग्रिन (सेलवरचे चिकटणारे प्रोटीन) वगैरे करतात. म्हणून व्हायलमधला प्रोटीन आणि शरीरातला प्रोटीन हे एकच असले तरी स्थिती वेगळी, आणि सीरममधला बीटा मोजायला एलायझा ही अँटीबॉडीची टेस्ट करताना ॲसिडची स्टेप विसरली की आकडा जवळजवळ काहीच येत नाही. व्हायलही ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, सोबत अल्ब्युमिन घालूनच विरघळवायची, नाहीतर प्लास्टिकला चिकटून वाया जाते.

नव्वदीत तर सगळं एकदम आलं. बीटा १ नसलेले उंदीर साधारण तीन आठवड्यांत हार्ट-लंग्जमध्ये सूज येऊन मरायचे, म्हणजे इम्यून सिस्टिमचा ब्रेक गेलेला. बीटाचा टाइप टू रिसेप्टर टाइप वनला जागं करतो, तो स्मॅड २ आणि ३ या सेलच्या आतल्या निरोप्या प्रोटीन्सना फॉस्फेट लावतो, ते स्मॅड ४ ला घेऊन न्यूक्लियसमध्ये जातात, हे लागलं, आणि स्मॅड हे नाव माशीच्या मॅड आणि जंताच्या स्मा या जीन्सवरून जोडलेलं. १९९५ मध्ये कोलन कॅन्सरमध्ये टाइप टू रिसेप्टरच बिघडलेला सापडला, वर्षभरात पॅनक्रियाच्या कॅन्सरमध्ये स्मॅड ४ गेलेला. ट्यूमरला हा प्रोटीन नकोसा असतो याचा यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे. पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धवट होईल, कारण उंदराच्या स्तनाच्या एपिथेलियल सेल्सवर टाकला तर त्या आकार सोडून फायब्रोब्लास्टसारख्या पसरतात, आणि पुढे गेलेले ट्यूमर याचाच फायदा घेतात.

टी सेल्समध्ये पंचाऐंशीचाच धडा परत दिसला. २००३ मध्ये नवख्या टी सेल्सना बीटा देऊन फॉक्सपी३ प्रोटीन असलेल्या, इम्यून सिस्टिमला आवरणाऱ्या रेग्युलेटरी सेल्स बनवता आल्या, आणि २००६ मध्ये उंदरात दिसलं की सोबत आयएल-६ हा सूजेचा सिग्नल असेल तर त्याच सेल्स सूज वाढवणाऱ्या टीएच१७ होतात. व्रण कमी करायला रिकॉम्बिनंट बीटा ३ चं (बीटा १ च्या सख्ख्या भावाचं) इंजेक्शन बनवलं होतं, ते २०११ मध्ये शेवटच्या फेजच्या ट्रायलमध्ये नापास झालं. त्याच वर्षी स्टेम सेल्ससाठी फक्त आठ घटकांचा मीडिया आला, सीरम नाही, अल्ब्युमिनसुद्धा नाही, त्यात मिलिलिटरला साधारण दोन नॅनोग्रॅम बीटा १ असतो, आणि तिथे त्याचं काम म्हणजे सेल्सना आहे त्याच अवस्थेत धरून ठेवणं.