जुळ्या ताऱ्यांच्या पोषणाचं कोडं

आकाशातल्या काही जोड्या नुसत्या जवळजवळ दिसत नाहीत, त्यातले तारे खरोखरच एकमेकांभोवती फिरतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०३ मध्ये दाखवून दिलं. पुढे सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास ताऱ्यांना जोडीदार असल्याचं आढळलं. वृषभ तारकासमूहातल्या कोवळ्या ताऱ्यांत तर हे प्रमाण आणखी जास्त निघालं. म्हणजे जोडी बहुधा जन्मताच जमते.

अडचण इथूनच सुरू होते. तारे ज्यात जन्मतात त्या वायू-धुळीच्या मेघातून कोसळणारा वायू फिरत फिरत येतो आणि त्याची तबकडी बनते. मध्ये दोन तारे असतील, तर त्यांचं फिरतं गुरुत्वाकर्षण तबकडीच्या आतल्या कडेला कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) देऊन तिला बाहेर ढकलतं. आर्तिमोविच आणि लुबो या खगोलशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे गणित मांडलं. जोडीभोवती एवढी मोठी पोकळी पडत असेल, तर ताऱ्यांची वाढ होते कशी? दोनच वर्षांनी त्यांनीच संगणकीय प्रारूपातून दाखवलं, की वायूचे बारीक प्रवाह पोकळी ओलांडून आत शिरू शकतात. डीक्यू टॉरी ही जोडी दर १५.८ दिवसांनी, तारे सर्वांत जवळ येतात त्या सुमारास उजळताना दिसली, तेव्हा या कल्पनेला बळ मिळालं; कारण ताऱ्यांवर वायू पडला, की त्यांचा उजेड वाढतो. तरी तो पुरावा अप्रत्यक्षच होता.

खरा उलगडा केला चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या ‘आल्मा’ दुर्बिणीने. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषा (त्या वायूच्या ठरावीक तरंगलांबीच्या खुणा) किती सरकल्या यावरून वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे तिला टिपता येतं. ‘एल १५५१ एनई’ या अगदी कोवळ्या जोडीत खगोलशास्त्रज्ञ ताकाकुवा यांच्या गटाला जे दिसलं, ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर निरीक्षण वाटतं: तबकडीतल्या सर्पिल भुजांमधला (वळणदार पट्ट्यांमधला) वायू अपेक्षेपेक्षा वेगाने फिरत बाहेर सरकतोय, तर दोन भुजांच्या मधला वायू मंदावून आत कोसळतोय. ढकलणं आणि ओढणं, दोन्ही एकाच तबकडीत! २०१९ मध्ये ‘बार्नार्ड ५९’ मेघातल्या एका जोडीत प्रत्येक ताऱ्याची स्वतःची छोटी तबकडी आणि तिला जोडणारे वळणदार प्रवाहही दिसले.

आता वाद आहे तो वाटणीचा. काही प्रारूपांत धाकट्या, म्हणजे कमी वस्तुमानाच्या, ताऱ्याला जास्त वायू मिळतो आणि दोघांची वस्तुमानं सारखी होत जातात; इतर काही प्रारूपांत, विशेषतः वायू तुलनेने उष्ण असेल तर, थोरल्याचंच पारडं जड राहतं.