ठोके साठ, तरी भोवळ: पेसमेकरच्या सेटिंगमागचा इतिहास

एप्रिलच्या खरड छाटणीत निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत माणूस तासन्‌तास मंडपाखाली उभा असतो. ऊन, घाम आणि पाणी पिण्याची टाळाटाळ. भोवळीची सवय असलेल्याला एवढे पुरते. अशा एखाद्याला नाशिकला नेऊन पेसमेकर बसवला आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा कोसळला, की घरचे म्हणतात, "मशीन बिघडले." मशीन ठणठणीत असूनही हे होऊ शकते.

पेसमेकरचा जन्म भोवळीपोटीच झाला, पण वेगळ्या भोवळीपोटी. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये शल्यविशारद आके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. लार्सन यांच्या हृदयातला विजेचा मार्गच बंद पडत असे. तिथे हिशेब सरळ होता: ठोका चुकला की यंत्राने द्यायचा. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढची यंत्रे बदलत 2001 पर्यंत जगले.

उभे राहून किंवा रक्त पाहून येणाऱ्या भोवळीला 1932 मध्ये ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी 'व्हासोव्हेगल' हे नाव दिले. ॲट्रोपिन देऊन नाडी वाढवली तरी रक्तदाब खालीच राहतो, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले. सगळी गोम इथे आहे. या भोवळीत पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचते आणि ठोकेही मंदावतात. पेसमेकर फक्त ठोके सांभाळतो. भरायला रक्तच कमी, तर मिनिटाला 60 ठोके देऊन मेंदूपर्यंत काय पोचणार?

म्हणून 'रेट ड्रॉप' ही सोय आली. ठोके अचानक, समजा मिनिटभरात 25 ने, घसरले की यंत्र 100 च्या आसपास वेग घेते, एक-दोन मिनिटे तो टिकवते आणि मग हळूहळू उतरते. घसरणीची ही मर्यादा फार सैल ठेवली तर झोपेत सहज उतरलेल्या ठोक्यांनाही यंत्र फसते आणि रुग्ण मध्यरात्री धडधडीने उठतो. फार कडक ठेवली तर मदत उशिरा पोचते.

1999 च्या एका चाचणीत 54 रुग्ण होते. पेसमेकर नसलेल्यांत 70 टक्के पुन्हा कोसळले, असलेल्यांत 22 टक्के. आनंद फार टिकला नाही. 2003 मध्ये 100 जणांना यंत्र बसवून निम्म्यांचे नुसते 'ऐकते' ठेवले, म्हणजे ठोके टिपायचे पण द्यायचे नाहीत. सहा महिन्यांत भोवळीचा धोका 'ऐकत्या' यंत्रात 40 टक्के, तर ठोके देणाऱ्यात 31 टक्के निघाला. या फरकाला संख्याशास्त्रात वजन नव्हते. छातीत यंत्र आहे या भरवशानेच बऱ्याच जणांना बरे वाटले असावे.

मग रुग्ण निवडण्याची पद्धत बदलली. 2012 च्या चाचणीत चाळिशीपुढच्यांच्या त्वचेखाली रेकॉर्डर बसवून हृदय खरोखर थांबते का ते आधी पाहिले. मग अशांना पेसमेकर बसवला. दोन वर्षांत पुन्हा भोवळ तो बंद ठेवलेल्यांत 57 टक्के, चालू ठेवलेल्यांत 25 टक्के. पेसमेकरच्या 'क्लोज्ड लूप' प्रकारात यंत्र ठोके पडण्याची वाट पाहत नाही. हृदयातल्या विद्युत रोधाच्या बदलावरून आकुंचनाचा जोर ओळखून ते आधीच वेग वाढवते. 2021 च्या चाचणीत त्याचा हिशेब यंत्र बंद असताना 53, चालू असताना 16 टक्के असा लागला. तिथेही रुग्णाला झोपवलेले टेबल उभे करून केलेल्या तपासणीत हृदय 3 सेकंदांहून जास्त थांबलेलेच रुग्ण घेतले होते.

त्यामुळे पुन्हा भोवळ आली की सेटिंगला हात लावण्याआधी यंत्रातली नोंद काढावी. नोंद वाचणारे उपकरण, म्हणजे प्रोग्रामर, कंपनीगणिक वेगळे, म्हणून पेसमेकरचे कार्ड आणि भोवळीची तारीख-वेळ सोबत हवी. आधी तारेची पकड आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पकडायला लागणारी किमान वीज, तपासावी. ठोका पकडायला 1 व्होल्ट लागत असेल तर निदान 2 ठेवतात. मग त्या वेळेचा आलेख. ठोके घसरले आणि यंत्र धावले नाही, तर मर्यादा बदलावी. यंत्र 100 ने धावूनही माणूस पडला असेल, तर दोष रक्तदाबाचा. अशा वेळी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करावी: रक्तदाब उतरवू शकणारी, लघवी वाढवणारी गोळी किंवा प्रोस्टेटसाठी चालू असलेली टॅमसुलोसिन त्यात हमखास शोधावी.