तुरुंगभेट, स्त्रियांची

तुरुंगातील कैद्यांना, मुख्यतः स्त्री कैद्यांना, बाहेरच्या स्त्रियांनी नियमाने भेटणे, शिकवणे, हाताला काम देणे आणि त्यांची गाऱ्हाणी वरपर्यंत पोहोचवणे, या प्रथेला ही संज्ञा लावतात. नातलगांची मुलाखत किंवा धर्मगुरूची फेरी तीत मोडत नाही. भेटीला येणारी स्त्री कैद्याची नातलग नसते आणि तुरुंगाची नोकरही नसते. त्यामुळे ‘तुम्ही कोणत्या अधिकाराने आत येता?’ हा प्रश्न तिला प्रारंभापासून विचारला गेला. या प्रथेचा इतिहास बराचसा त्या प्रश्नाला स्त्रियांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

उगम : लंडनच्या न्यूगेट तुरुंगात एलिझाबेथ फ्राय (२१ मे १७८०–१२ ऑक्टोबर १८४५) यांनी ही प्रथा सुरू केली, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. वर्षाबाबत मात्र एकमत नाही. काही लेखक १८१३ धरतात, काही १८१६, तर काही १८१७. हा मतभेद वरवर दिसतो तितका किरकोळ नाही, कारण ‘भेट’ कशाला म्हणायचे हे त्यावर ठरते.

१८१३ च्या प्रारंभी स्टीफन ग्रेले या फ्रान्समध्ये जन्मलेल्या क्वेकर (फ्राय यांच्याच ख्रिस्ती पंथाच्या) धर्मोपदेशकाने न्यूगेटचा स्त्री विभाग पाहिला. उघड्या फरशीवर निजणाऱ्या बाया आणि जवळजवळ उघडी तान्ही मुले पाहून तो तडक फ्राय यांच्याकडे गेला. फ्राय यांनी ओळखीच्या स्त्रियांना जमवून तान्ह्या मुलांसाठी फ्लॅनेलचे कपडे शिवून घेतले आणि ॲना बक्स्टन यांच्यासह त्या आत गेल्या. फ्राय यांच्या रोजनिशीत १६ फेब्रुवारी १८१३ च्या नोंदीत आदल्या दिवशीच्या भेटीचा उल्लेख आहे; याआधी दोनदा जाऊन आलो, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यास दिली जाणारी ‘पहिली भेट’ ही वस्तुतः तिसरी ठरते. पहिली जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभी झाली असावी.

त्यानंतर सुमारे चार वर्षे खंड पडला. या काळात बाळंतपणे झाली, घरची आर्थिक ओढाताण झाली, १८१४ मध्ये भाऊ गेला आणि १८१५ मध्ये बेट्सी ही लहान मुलगी वारली. पुन्हा जाणे सुरू झाले ते १८१६ च्या नाताळच्या सुमारास, असे फ्राय यांच्या मुलींनी १८४७ मध्ये संपादित केलेल्या चरित्रात आहे. हे चरित्र आईविषयीच्या भक्तीने लिहिलेले आहे आणि रोजनिशीतील मजकूर त्यात निवडून घेतलेला आहे. त्यामुळे या तारखेवर फार भार टाकता येत नाही. २४ फेब्रुवारी १८१७ च्या नोंदीत शाळेचा उल्लेख मात्र येतो. १८१३ मधील भेटी दयेपोटी कपडे वाटण्याच्या होत्या. नियमित, संघटित आणि कैद्यांच्या संमतीने चालणारे काम १८१७ पासूनचे आहे. प्रथेचा उगम म्हणून हेच वर्ष धरणे अधिक योग्य दिसते.

ग्रेट यार्मथ येथील सेरा मार्टिन (१७९१–१८४३) यांचे काम १८१८ किंवा १८१९ मध्ये सुरू झाले. केस्टर गावच्या या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीपाठीमागे पैसा, समिती, भाऊबंद असे काहीच नव्हते. स्वतःच्या मुलाशी क्रूरपणे वागल्याबद्दल कैद झालेल्या एका बाईला भेटायला त्या प्रथम गेल्या. पुढे तुरुंगात शिकवण्यासाठी त्या आठवड्यातील एका दिवसाची मजुरी सोडून देऊ लागल्या. आठवड्याला सात दिवसच असतात आणि शिंपिणीला दिवसावर पैसे मिळतात, हे लक्षात घेता तो त्याग फार मोठा होता. फ्राय यांची अनुयायी म्हणून त्यांना गुंडाळणे अन्यायाचे आहे. न्यूगेटमध्ये समिती होती. यार्मथमध्ये सेरा मार्टिन एकट्या होत्या.

न्यूगेटमधील संघटना : एप्रिल १८१७ मध्ये अकरा क्वेकर स्त्रिया आणि एका धर्मगुरूची पत्नी अशा बाराजणींनी न्यूगेटमधील स्त्री कैद्यांच्या सुधारणेसाठी संघटना स्थापली. त्या वेळी चार खोल्यांत सुमारे तीनशे बायका व मुले होती. खटला चालायचा असलेल्या आणि शिक्षा झालेल्या, चोरट्या आणि फाशीची वाट पाहणाऱ्या, सगळ्या एकत्रच. स्वयंपाक, धुणे आणि निजणे त्याच जागेत. तुरुंगाधिकाऱ्यांना स्वतःला आत जाण्याची धास्ती वाटे, आणि भेटीला येणाऱ्या स्त्रियांनी घड्याळे बाहेर काढून ठेवावीत असा सल्ला दिला जाई, असे सांगतात.

प्रारंभ मुलांच्या शाळेपासून झाला. शिक्षिका बाहेरून आणली नाही. मेरी कॉनर ही घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा भोगणारी कैदी कैद्यांमधूनच निवडली गेली. नंतर शिवणकाम आले. नियम ठरवताना फ्राय यांनी एकेक नियम मोठ्याने वाचला आणि प्रत्येकावर कैदी स्त्रियांचे हात वर करून मत घेतले. भीक मागणे, शिव्या देणे, पत्ते व जुगार, भांडण यांना बंदी होती. देखरेखीला एक मेट्रन आणि कैद्यांच्या प्रत्येक गटावर त्यांच्यातीलच एक मॉनिटर नेमली. ज्यांना कोणी काही विचारतही नव्हते, अशा बायकांचे मत घेऊन नियम करणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. नंतरच्या बहुतेक वर्णनांत बायबलवाचनाला जागा मिळते आणि या मतदानाला एखादे वाक्य, हे उलट व्हायला हवे होते. लंडनच्या नगरपालिकेने पुढे हे नियम स्वीकारले.

संसदीय समितीपुढील साक्ष आणि आक्षेप : २७ फेब्रुवारी १८१८ रोजी फ्राय यांनी लंडनच्या तुरुंगांविषयीच्या संसदीय समितीपुढे साक्ष दिली. अशा समितीने साक्षीला बोलावलेल्या त्या पहिल्या स्त्री, असे पुष्कळदा लिहिले जाते. राजघराण्याबाहेरील आणि स्वतःच्या कामाविषयी बोलणारी, एवढी अट घालूनच ते स्वीकारावे. त्यांनी दयेचे आवाहन केले नाही, हिशेब मांडला : दहा महिन्यांत बायकांनी सुमारे २०,००० कपडे तयार केले, स्त्री कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख हवी, काम हवे आणि त्याची मजुरीही हवी.

त्याच वर्षी गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याशी त्यांचा खटका उडाला. बनावट नोटा खपवल्याबद्दल हॅरिएट स्केल्टन हिला फाशीची शिक्षा झाली होती. तिचा जीव वाचावा म्हणून फ्राय यांनी खटपट केली. अशा भेटींमुळे शिक्षेची जरब कमी होते, असे सिडमथ यांचे मत होते. एप्रिल १८१८ मध्ये स्केल्टनला फाशी दिली गेली. त्याच महिन्यात मॅन्शन हाउस या लंडनच्या महापौरांच्या निवासस्थानी राणी शार्लटने फ्राय यांची भेट घेऊन गौरव केला.

आक्षेप तिन्ही बाजूंनी येत. अकरा मुलांची आई घर सोडून तुरुंगात फिरते, हा पहिला. तो नातलगांतही होता. तुरुंग भीतिदायकच असला पाहिजे, शाळा व शिवणकाम त्याला शोभत नाही, हा दुसरा. लेखक व धर्मगुरू सिडनी स्मिथ यांनी तो १८२० च्या सुमारास मांडला, आणि त्यापूर्वी ते फ्राय यांचे प्रशंसक होते. तिसरा १८३६ मध्ये सरकारी निरीक्षक क्रॉफर्ड व रसेल यांच्याकडून आला : फ्राय यांच्या बायबलवाचनाच्या वेळी बाहेरचे प्रेक्षक येतात, ते शिस्तीला मारक आहे. हे दोघे कैद्याला एकटे कोंडण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते आणि फ्राय त्या पद्धतीच्या विरोधात होत्या, हे लक्षात घेऊन हा अहवाल वाचायला हवा. फ्राय यांचे उत्तर धर्माच्या आधाराने येई. क्वेकर पंथात स्त्रीला उपदेशाचा अधिकार होता आणि १८११ पासून त्या मान्यताप्राप्त उपदेशक होत्या. घरचा आक्षेप मात्र रोजनिशीत वारंवार परतून येतो. तेथे त्या स्वतःलाच जाब विचारताना दिसतात. १८२८ मध्ये पतीची बँक बुडाल्यावर ही टीका वाढली, तरी काम थांबले नाही.

१८२३ च्या तुरुंग कायद्याने स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरी नेमणे आवश्यक केले. फ्राय यांच्या साक्षीतील मागणी त्यात आली, पण केवळ त्यांच्यामुळे आली असे म्हणणे धाडसाचे होईल.

काळ्या पाण्याची जहाजे : १८१८ पासून न्यूगेटच्या संघटनेतील स्त्रिया ऑस्ट्रेलियाला रवाना होणाऱ्या स्त्री कैद्यांची जहाजेही पाहू लागली. १८४३ पर्यंत १०६ जहाजे आणि सुमारे १२,००० कैदी स्त्रिया, असा आकडा दिला जातो. प्रत्येकीला एक पिशवी मिळे. तीत बायबल, एप्रन, सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे असत. १८४१ मध्ये ‘राजा’ या जहाजावरून १८० बायका होबार्टला निघाल्या आणि त्यांतील काहींनी वाटेत त्या तुकड्यांची एक गोधडी शिवली. ती साधारण ३२५ × ३३७ सेंमी. असून तीत २,८१५ तुकडे आहेत. मध्यभागी फुले-पक्षी, भोवती चौकोनी पट्ट्या. कडेला रेशमी दोऱ्याने भरलेला मजकूर आहे, आणि त्यात जहाज समितीच्या स्त्रियांचे आभार मानून ‘उद्योगी राहण्याचा उपदेश आम्ही विसरलो नाही’ अशा आशयाचे शब्द आहेत. काही टाके सराईत हाताचे, काही पहिल्यांदाच सुई धरलेल्या हाताचे. ही गोधडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. न्यूगेटमधील शिवणकामाचे काय झाले, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही.

प्रसार : १८२१ मध्ये ब्रिटनभरच्या समित्यांची मध्यवर्ती संघटना झाली. फ्राय यांनी १८२७ मध्ये स्त्री कैद्यांच्या देखरेखीवर पुस्तिका लिहिली. जर्मनीत पाद्री थिओडोर फ्लीडनर यांनी कैसरवर्थ येथील समाजसेवेच्या कामाला फ्राय यांच्या भेटीतून चालना घेतली.

भारत : ब्रिस्टलच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर यांनी १८६६ पासून चार वेळा भारतात येऊन येथील तुरुंग पाहिले आणि मुलांसाठी सुधारशाळांची मागणी केली. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने स्त्री कैद्यांना वेगळे ठेवणे आणि त्यांची झडती स्त्रीनेच घेणे बंधनकारक केले. १९३० च्या कायदेभंगात सरोजिनी नायडू, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या स्त्रिया स्वतःच येरवड्यात कैदी म्हणून गेल्या. त्या अर्थाने ती भेट नव्हती, पण बराकीतील स्थिती सुशिक्षित स्त्रियांना आतून दिसली.

महाराष्ट्रात या प्रथेचे सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणजे पत्रकार शीला बारसे यांचे काम होय. ११ ते १७ मे १९८२ या काळात त्यांनी परवानगी घेऊन मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलणे केले. त्यांपैकी पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते याचिका मानले. निर्मला निकेतन या मुंबईतील समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. देसाई यांना कैद्यांशी एकांतात बोलून अहवाल देण्यास सांगण्यात आले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या व स्त्री पोलीस पहारा, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच, अटकेची विधी साहाय्य समितीला त्वरित खबर आणि शक्यतो स्त्री न्यायाधीशाच्या अचानक भेटी, असे निर्देश दिले. फ्राय यांच्या सुमारे १६५ वर्षांपूर्वीच्या साक्षीतील मागणी येथे कोठडीपर्यंत पोहोचली.

पुढे प्रवेशाचाच वाद झाला. १९८६ मध्ये दिलेली मुलाखतींची परवानगी, ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर, मागे घेतली गेली. १९८७ च्या निकालात न्यायालयाने नागरिकांना कैद्यांची माहिती मिळवण्यास वाव असल्याचे मानले, पण तो नियमांच्या अधीन आणि ध्वनिमुद्रणासाठी खास परवानगीची अट घालून. तुरुंगातील मुलांबाबतच्या त्यांच्या याचिकेत दिरंगाई होत असल्याचे पाहून बारसे यांनी ती मागे घेऊ देण्याची विनंती केली. १९८८ मध्ये न्यायालयाने ही विनंती नाकारली, याचिका पुढे चालवण्याचे ठरवले, आणि याचिकाकर्ती म्हणून असलेले त्यांचे नाव वगळले.