बावीस छेद सात आणि करणी

आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा ‘परिमेय व अपरिमेय संख्या’. पाय ही अपरिमेय संख्या, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात नेमकी न मांडता येणारी, असं मुलं शिकतात आणि पुढे वर्तुळाच्या उदाहरणात वाचतात, ‘पाय = २२/७ घ्या’. दादर-परळच्या शिकवण्यांमध्ये मग कुणीतरी विचारतंच, ‘‘सर, २२/७ तर साधा अपूर्णांक. मग पाय परिमेय का नाही?’’ प्रश्न चोख आहे.

२२/७ चा भागाकार ३.१४२८५७१४२८५७… असा चालतो, तेच सहा अंक फिरत राहतात. पाय मात्र ३.१४१५९… म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांच्या वाटा वेगळ्या. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) हे लपवलं नव्हतं. ३९२७/१२५० हे ‘सूक्ष्म’ आणि २२/७ हे ‘स्थूल’, पण व्यवहाराला पुरेसं, असं त्यांनी सरळ लिहिलं. आपण तो ‘स्थूल’ शब्द गाळला, आणि घोळ तिथेच झाला.

त्याआधी ४९९ मध्ये आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ दिला, तोही ‘आसन्न’ म्हणजे जवळपासचा म्हणून. खरी संख्या सोडून आसन्न का दिली? केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटावरच्या भाष्यात हाच प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं, ती सांगणं शक्यच नाही म्हणून. ज्या मापाने व्यास पुरता मोजला जातो, त्याच मापाने परिघ मोजला की काहीतरी उरतंच. माप कितीही बारीक करा, उरणारं कमी होईल, पण संपणार नाही. अपरिमेयाची इतकी स्वच्छ समजूत मला दुसरीकडे क्वचितच दिसली. पाय अपरिमेय असल्याची सिद्धता गणितज्ञ लँबर्टने १७६१ मध्ये दिली.

नववीत ‘करणी’ येते, म्हणजे √२ सारखी मुळाच्या चिन्हातली अपरिमेय संख्या. हा शब्द ऐकून कोकणातल्या आजीला लिंबू आणि टाचण्या आठवल्या तर तिचा दोष नाही. पण गणितातली करणी शुल्बसूत्रांतली, म्हणजे वेदी आखण्याच्या प्राचीन नियमग्रंथांतली आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी दोरीने आखायच्या, दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करायचा, तर त्याची बाजू ती द्विकरणी, म्हणजे आपलं √२. शुल्बसूत्रकार बौधायनाने तिचं माप दिलं: १ + १/३ + १/१२ − १/४०८. बेरीज होते ५७७/४०८. आता ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक फक्त एकाचा! मात्र √२ अपरिमेय असल्याचा पुरावा बौधायनाकडे होता, असं त्यावरून ठरत नाही.

तो पुरावा ग्रीकांचा. √२ हा अतिसंक्षिप्त (आणखी संक्षेप न होणारा) अपूर्णांक a/b धरला, तर a² = २b², म्हणून a सम. मग b सुद्धा सम निघतो, आणि दोन्ही सम असलेला अपूर्णांक अतिसंक्षिप्त कसला? हे गुपित फोडणाऱ्या ग्रीक हिपाससला समुद्रात जलसमाधी मिळाली, ही गोष्ट नंतरच्यांनी रंगवलेली. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: चौरसाची बाजू आणि कर्ण, दोन्ही पूर्ण मोजेल असं एकच माप नाही. ‘अपरिमेय’चा अर्थ एवढाच. कर्ण तर समोर कागदावर काढलेला असतो, त्यात अगणित काही नाही. अरबी गणितज्ञांनी अशा संख्यांना ‘बहिऱ्या’ म्हटलं. त्याचं लॅटिन भाषांतर झालं, आणि त्यातून इंग्रजीतला ‘सर्ड’, म्हणजे आपली करणी, आला.

दादर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडेही √२ आहे. ए-फोर कागद २९७ बाय २१० मिलिमीटर, म्हणजे ९९/७०. ९९ चा वर्ग ९,८०१, ७० च्या वर्गाची दुप्पट ९,८००. परत एकाचाच फरक. कागद मधोमध दुमडला तरी आकार तसाच राहावा, यासाठी हे प्रमाण. ए-थ्रीचं ए-फोर करताना तो यंत्रावर ७१ टक्के लावतो, तो आकडा १/√२ चाच.

मुंबईचा याहून थेट संबंध कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून येतो. तिथल्या के. रामचंद्र यांनी १९६० च्या दशकात अपरिमेयांच्याही पलीकडच्या, बीजातीत संख्यांवर (पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याही बहुपदी समीकरणाचं उत्तर नसलेल्या) मूलभूत काम केलं. पाय आणि ई (२.७१८…) दोन्ही बीजातीत आहेत, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झालं होतं. त्या दोघांची बेरीज परिमेय की अपरिमेय, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.