केमिस्ट म्हणजे मेडिकलवाला नव्हे

भाची माटुंग्याला केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय आणि पुढे पीएचडी पेशींच्या पातळ आवरणावर करायची म्हणते, तेव्हापासून ताईचा एकच धोशा, केमिस्ट आहेस तर केमिस्टचं काम कर ना, बायोलॉजीत कशाला नाक खुपसतेस.

पण ही पातळ थरांची लाइनच मुळात मोरीतून निघालीये. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पॉकल्स नावाची मुलगी होती, जन्म १८६२ चा, बायकांना तेव्हा युनिव्हर्सिटीत घेत नसत, त्यामुळे ही घरी, आजारी आईवडिलांचं करायचं आणि भांडी घासायची. त्या तेलकट पाण्याचं तिला कुतूहल वाटलं म्हणून तिने पत्र्याचं उथळ कुंड केलं, वर पत्र्याची पट्टी सरकवायची म्हणजे तेलाचा थर दाबला जातो, आणि पाण्याला टेकलेलं बटण उचलायला किती जोर लागतो, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण किती, ते तराजूवर मोजायचं, बस. १८९१ ला तिने इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांना पत्र लिहिलं आणि त्या भल्या माणसाने ते 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आणलं. पुढे लँगम्युअर या अमेरिकन केमिस्टने तसंच कुंड सुधारून वापरलं, १९३२ ला पृष्ठभागांच्या केमिस्ट्रीसाठी नोबेल मिळालं, कुंडालाही नाव त्याचंच पडलं. असो.

बायोलॉजी शिरली १९२५ ला. गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघा डचांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी काढून असल्याच कुंडात एका रेणूच्या जाडीची पसरवली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे आवरण दुपदरी! गंमत म्हणजे त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलेलं, दोन्ही एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. मग १९५९ ला एव्हरी आणि मीड यांनी दाखवलं की दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा श्वास कोंडतो कारण फुप्फुसात पृष्ठभागाचा ताण साबणासारखा कमी करणारं द्रव्य पुरेसं नसतं. आज ते द्रव्य बाळांना औषध म्हणून देतात. हे ताईला सांगितलं तेव्हा कुठे ती जरा गप्प बसली.

आता भाचीचा रस्ता. नेट नाहीतर गेट ही परीक्षा, मग पवईला आयआयटी किंवा कुलाब्याला टीआयएफआर ही संशोधनसंस्था मिळाली तर मुंबईतच, पीएचडीला पाच-सहा वर्षं, जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० (हा दर २०२३ पासूनचा), त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, ते बहुधा परदेशात. अडचण खरी पुढेच आहे, प्रोफेसरची जाहिरात निघते केमिस्ट्रीची नाहीतर बायोलॉजीची, आणि ही बसलेली बरोब्बर दोन्हीच्या मधे.