गोटे उकळा, भाजू नका

मत्स्यटाकीत नदीतले गोटे टाकण्याआधी ते निर्जंतुक करायचे, हे बहुतेक हौशी मंडळींना ठाऊक असतं. गडबड पुढे होते. कुणी गोटा ओव्हनमध्ये ठेवतो, कुणी मायक्रोवेव्हमध्ये, कुणी सरळ गॅसच्या जाळावर. जितका जास्त तापेल तितका स्वच्छ, असा हिशोब असतो. तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

आधी जंतूंचं पाहू. ओल्या उष्णतेत बहुतेक जिवाणू, बुरशी आणि माशांना छळणारे परजीवी ७० अंशांच्या आसपासच काही मिनिटांत मरतात, कारण त्यांच्या पेशींतली प्रथिनं विस्कटतात. उकळत्या पाण्याला पुरून उरतात ते काही जिवाणूंचे बीजाणू. त्यांच्यासाठी रुग्णालयात दाबाखालची १२१ अंशांची वाफ साधारण १५ मिनिटं वापरतात. पण टाकीला इतकी शुद्धता हवी कुणाला? माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया जिरवायला तिला जिवाणू लागतातच.

आता दगडाचं. तो दिसतो तितका भरीव नसतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचंच घ्या. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतल्या कित्येकींत झिओलाइटची खनिजं भरली. झिओलाइटच्या स्फटिकरचनेतच पाणी असतं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाने असं एक खनिज तापवलं, तर ते फसफसू लागलं. शिवाय वर्षानुवर्षं नदीत पडलेल्या गोट्याच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं, ते वेगळंच.

हे पाणी कोंडलेलं असताना गोटा १८० अंशांपर्यंत तापला, तर आतल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट होतो. दगड दाबला तर प्रचंड भार सोसतो, पण आतून ताणला की लवकर हार मानतो. मक्याच्या दाण्याची लाही होते तसंच हे, फक्त इथे उडतात त्या धारदार कपच्या. मायक्रोवेव्ह तर आतल्या पाण्यालाच थेट तापवतो, म्हणून तो सगळ्यात वाईट. नदीकाठी चूल मांडणाऱ्यांनीही ओले गोटे जाळाभोवती लावू नयेत, ते याच कारणाने.

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे दगडातही दाब फारसा साठत नाही. गोटे घासून धुवा, थंड पाण्यात बुडवा आणि मंद आचेवर तापवत न्या. मुठीएवढ्या गोट्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास उकळू द्या. मग त्याच पाण्यात निवू द्या. तापलेल्या दगडावर गार पाणी ओतलं तर बाहेरचा भाग झटकन आकसतो आणि तडा जातो. प्रेशर कुकर नको. वाफ एकदम सोडली की बाहेरचा दाब उतरतो, दगडातलं पाणी मात्र १०० अंशांच्या वरच असतं. थर सुटणारे, भेगाळलेले दगड उकळूच नका. त्यांना घासून कडक उन्हात चांगले सुकवलेलं बरं.

समुद्रातल्या खडकाला मात्र उकळण्याचा नियमही लावू नये. त्यावर झोअँथिड नावाचे मऊ, फुलांसारखे दिसणारे जीव चिकटलेले असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हे अतिशय जहाल विष उकळल्याने नष्ट होत नाही आणि वाफेच्या तुषारांबरोबर श्वासात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका हौशी माणसाने आपल्या टाकीतले झोअँथिड मारायला उकळतं पाणी वापरलं. त्या वाफेने त्याला खोकला लागला आणि श्वास घेणं अवघड झालं. अलास्कातही २०१२ ते २०१४ दरम्यान घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत अशा विषबाधेच्या संशयित घटना नोंदल्या गेल्या. झोअँथिड मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही आहेत. तिथला खडक घरी आणूच नये. प्रवाळ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदाही आड येतो.